स्पोअर: प्रजातीची वाट शेवटाकडून ठरवा

स्पोअर हा गेम सप्टेंबर २००८ मध्ये आला. सिमसिटी आणि द सिम्स बनवणाऱ्या विल राइट यांची ही कल्पना, आणि मॅक्सिस या स्टुडिओने ती प्रत्यक्षात आणली. एका उल्केबरोबर ग्रहावर आलेली पेशी तुमच्या हाती येते. तिच्यातून प्राणी, प्राण्यातून टोळी, टोळीतून नगरं आणि शेवटी आकाशगंगेत फिरणारं यान असा पाच टप्प्यांचा प्रवास आहे. स्टीम आणि जीओजी या दुकानांवर तो आजही मिळतो, जुन्या लॅपटॉपवरही चालतो, त्यामुळे नवे खेळाडू सतत येत असतात. बहुतेक जण मात्र पहिल्या खेळात तोच अनुभव घेतात: अवकाशात पोहोचल्यावर गेम एक बिरुद हातात ठेवतो आणि ते नको असलेलं निघतं. 'मी तर शांतताप्रिय प्राणी केला होता, मग मी योद्धा कसा झालो?'

याचं कारण असं की स्पोअरमध्ये प्रजातीची वाट निवडायला एकही ठळक बटण नाही. प्रत्येक टप्प्यात तुम्ही काय खाल्लं, कोणाला मारलं, कोणाशी मैत्री केली याची नोंद होत राहते आणि टप्पा संपताना तिच्यावरून एक कार्ड मिळतं. अशी चार कार्डं जमली की अवकाशातलं तुमचं तत्त्वज्ञान ठरतं. म्हणून वाट शेवटाकडून ठरवावी आणि मग पेशीपासून तिला धरून खेळावं. खाली तेच टप्प्याटप्प्याने सांगतो.

आधी रंग समजून घ्या

सगळा हिशेब तीन रंगांचा आहे: लाल, हिरवा आणि निळा. लाल म्हणजे आक्रमक वाट, हिरवा म्हणजे मैत्रीची, आणि निळा म्हणजे दोन्हींच्या मधली, जुळवून घेणारी.

पेशीच्या टप्प्यात मांसाहारी लाल, शाकाहारी हिरवा, मिश्राहारी निळा. प्राण्याच्या टप्प्यात शिकारी लाल, मनमिळाऊ हिरवा, जुळवून घेणारा निळा. टोळीच्या टप्प्यात आक्रमक, मैत्रीपूर्ण आणि उद्यमी, याच क्रमाने लाल, हिरवा, निळा. नगरांच्या टप्प्यात लष्करी लाल, धार्मिक हिरवा आणि व्यापारी निळा.

चारही कार्डं लाल आली तर अवकाशात तुम्ही योद्धा. चारही हिरवी असतील तर शमन, म्हणजे निसर्गाशी नातं राखणारा पुजारी. चारही निळी असतील तर व्यापारी. रंग मिसळले की धर्मवेडा, शास्त्रज्ञ, पर्यावरणवादी, भाट, मुत्सद्दी, सरदार अशी बाकीची तत्त्वज्ञानं निघतात. मागचे टप्पे न खेळता थेट अवकाशातून सुरुवात केली तर भटक्या हे बिरुद मिळतं.

प्रत्येक तत्त्वज्ञानाबरोबर एक खास शक्ती येते, आणि निवड करताना मी सगळ्यात आधी तिच्याकडे बघतो. शमनला कुठूनही एका क्षणात आपल्या मूळ ग्रहावर परतता येतं. ऐकायला साधं वाटतं, पण अवकाशात अर्धा वेळ 'घरी हल्ला झालाय, लवकर ये' असे निरोप येतात, तेव्हा या शक्तीचं मोल कळतं. योद्धा चाच्यांना हाक मारून एखाद्या ग्रहावर सोडू शकतो. मुत्सद्दी ग्रहावरची शत्रूची वाहनं आणि यानं जागच्या जागी थिजवतो. भाट गाणं गाऊन रागावलेल्यांना शांत करतो. पर्यावरणवादी ग्रहावरच्या प्रत्येक जातीचे नमुने एका झटक्यात यानात ओढून घेतो, आणि ज्यांना ग्रह हिरवेगार करत बसायला आवडतं त्यांच्यासाठी यासारखं सुख नाही. शास्त्रज्ञाकडे गुरुत्वलहर असते, ती ग्रहावरच्या सगळ्या इमारती जमीनदोस्त करते. धर्मवेडा अख्खा ग्रह आपल्या बाजूला वळवतो. या शेवटच्या दोन शक्ती वापरल्या की आकाशगंगेचा नियम मोडला जातो आणि आसपासची साम्राज्यं बिथरतात. ते परवडणार आहे का, हे आत्ताच ठरवा.

पहिल्यांदा खेळणाऱ्याला माझा सल्ला स्पष्ट आहे: हिरवी वाट घ्या. अवकाशाचा टप्पा बाकीच्या चारांपेक्षा कितीतरी मोठा आहे आणि तिथे सुरुवातीला तुमच्याकडे एकच यान असतं. ज्याचे शेजारी मित्र आहेत त्याला तिथे श्वास घ्यायला वेळ मिळतो. लाल वाट पहिल्या चार टप्प्यांत वेगवान आणि मजेदार वाटते, पण अवकाशात सगळीकडून युद्धं अंगावर घेण्याची तयारी हवी. निळी वाट अनुभवी खेळाडूसाठी आहे. तिचं कारण प्राण्याच्या टप्प्यात कळेल.

पेशी: तोंडाची निवड

सुरुवातीलाच गेम शाकाहारी की मांसाहारी असं विचारतो. हिरव्या वाटेसाठी शाकाहारी घ्या, लालसाठी मांसाहारी. शाकाहारी पेशीचं तोंड गाळणीसारखं असतं आणि ती फक्त हिरवे वनस्पतींचे तुकडे खाऊ शकते. मांसाहारी पेशीला जबडा असतो, तो मांसाच्या लाल तुकड्यांसाठी आणि दुसऱ्यांना चावण्यासाठी. एकाचं अन्न दुसऱ्याला चालत नाही.

निळं कार्ड हवं असेल तर इथेच युक्ती लागते, कारण मिश्राहारी हा पर्याय सुरुवातीला दिसतच नाही. कुठल्याही तोंडाने सुरू करा आणि दुसरं तोंड किंवा दोन्ही खाणारी सोंड सापडेपर्यंत शोधा. नवे अवयव दोन ठिकाणी मिळतात: पाण्यात तरंगणाऱ्या उल्केच्या तुकड्यांत आणि ते अवयव बाळगणाऱ्या दुसऱ्या पेशींना मारून. दोन तोंडं एकाच पेशीवर बसवता येतात. मग मांस आणि वनस्पती साधारण सारख्या प्रमाणात खा. कार्ड तुमच्या खाण्यावरून ठरतं, त्यामुळे दोन तोंडं असून फक्त मांसच खात राहिलात तर ती मिश्राहारी पेशी नाही.

अवयवांच्या बाबतीत पेशीत फार डोकं खपवायची गरज नाही. पोहण्याचा वेग आधी वाढवा, शाकाहारी असाल तर मागच्या बाजूला विष किंवा काटा लावा, कारण तुमच्यावर हल्ला बहुधा पाठलाग करणाऱ्याकडूनच होतो. मांसाहारी असाल तर काटा पुढे. मेलात तरी जवळच पुन्हा जन्म मिळतो, त्यामुळे इथे धाडस करायला हरकत नाही.

खालची प्रगतीची पट्टी भरली तरी गेम तुम्हाला जबरदस्तीने जमिनीवर ढकलत नाही. पुढे जायचं बटण तुम्ही दाबेपर्यंत तिथेच राहता येतं. ही सवलत पुढच्या टप्प्यात फार मोलाची ठरते.

कार्डाबरोबर पुढच्या टप्प्यांसाठी काही खास गुणही मिळतात. शाकाहाऱ्याला प्राण्याच्या टप्प्यात मोहिनी घालणारं गाणं मिळतं, अंगावर येणारे प्राणी त्याने निवळतात. मांसाहाऱ्याची डरकाळी समोरच्याला पळवून लावते. मिश्राहाऱ्याला मदतीसाठी थवा बोलावता येतो. शाकाहाऱ्याचा गुण अवकाशापर्यंत टिकतो आणि तिथे शेजाऱ्यांशी संबंध सुधारायला उपयोगी पडतो. पेशीचा टप्पा छोटा आहे, पण त्यातली निवड अशी खूप दूरवर पोहोचते.

प्राणी: शरीर इथेच घडतं आणि इथेच कायम होतं

संपूर्ण गेममध्ये हा टप्पा सगळ्यात जास्त विचार मागतो, म्हणून इथे जरा थांबतो.

जमिनीवर येताच एडिटर उघडतो आणि पाय लावायला सांगतो. तिथून पुढे घरट्याकडे येऊन जोडीदाराला हाक मारली की दर वेळी एडिटरमध्ये जाता येतं आणि जमवलेल्या डीएनए गुणांतून (अवयव घ्यायचं गेममधलं चलन) शरीर बदलता येतं. अवयव काढला तर त्याची किंमत परत मिळते, म्हणून प्रयोग करायला घाबरू नका. एका पिढीत शिंगं लावा, पुढच्या पिढीत काढून पिसं लावा.

नव्या खेळाडूंना बहुतेकदा उशिरा कळणारी गोष्ट ही: एकच क्षमता देणारे दोन अवयव लावले तर त्यांची बेरीज होत नाही. चाव्याची पातळी २ देणारं एक तोंड आणि पातळी ३ देणारं दुसरं तोंड असेल तर तुमची पातळी ३च राहते. सगळ्यात वरचा आकडा तेवढा मोजला जातो. पाच जोड्या नख्यांवर डीएनए उधळणारे प्राणी म्हणून दिसायला भयानक आणि लढायला साधारण निघतात. तसंच पायांचं. दोन लावा की आठ, वेगाचा आकडा पावलाच्या प्रकारावर ठरतो. शिवाय शरीरात किती गुंतागुंत बसू शकते यालाही मर्यादा आहे, अवयवांची खैरात केली की ती संपते.

त्यामुळे एडिटरमध्ये शिरल्यावर माझी पद्धत अशी असते. आधी उजवीकडची क्षमतांची यादी वाचतो. लढाईच्या चार क्षमता आहेत: चावणं, धडक, पंजा मारणं आणि थुंकणं. मैत्रीच्याही चार: गाणं, नाच, लाड आणि ऐट. प्रत्येकीची कमाल पातळी ५. मग प्रत्येक अवयवावर माउस नेऊन तो काय देतो ते बघतो आणि प्रत्येक क्षमतेसाठी हातात असलेला सगळ्यात चांगला एकच अवयव ठेवतो. बाकीचे काढून त्यांचे गुण परत घेतो. एवढं केलं की बजेटमध्ये अचानक जागा दिसायला लागते.

आता रंगानुसार.

हिरव्या वाटेसाठी गाणं आणि नाच यांपासून सुरुवात करा. घरट्याजवळच्या सुरुवातीच्या जाती बहुतेक याच दोन गोष्टी करतात. दूरच्या घरट्यांवर लाड आणि ऐट मागितली जाते, म्हणून मेंदू दुसऱ्या पातळीला गेल्यावर (पट्टी भरत जाईल तसा तो वाढतो) त्यांचे अवयव शोधायला लागा. मैत्रीची प्रक्रिया जवळून अशी दिसते: समोरचा प्राणी नाचला की तुम्हीही नाचायचं, तो गायला की तुम्ही गायचं. तुमची पट्टी त्याच्या पट्टीच्या पुढे सरकत राहिली तर तो प्रसन्न होतो. उशीर केला किंवा चुकीची कृती केली तर त्याची पट्टी पुढे निघते. आता तुमच्याबरोबर दोन सोबती असतील तर ते आपोआप तीच कृती करतात आणि तुमची पट्टी दुप्पट-तिप्पट वेगाने भरते. म्हणजे लाड पातळी ३ असलेला एकटा प्राणी जिथे हरतो तिथे पातळी २ असलेले तिघे सहज जिंकतात. मेंदू वाढेल तशी सोबत्यांची जागा तीनपर्यंत वाढते, आणि मित्र झालेल्या जातींतले प्राणीही सोबतीला घेता येतात. हिरव्या वाटेवर डीएनएच्या आधी सोबत्यांची जागा वापरा.

लाल वाटेला गणित सोपं आहे. चावा आणि धडक लवकर वाढवा, थुंकणं मिळालं की लांबून हल्ला करता येतो. शत्रूच्या घरट्यावर एकट्याने जाऊ नका, आणि घरटं संपवायचं ठरवलं की अर्धवट सोडू नका. एखादी जात पूर्ण संपवली की तिच्याकडचे अवयव मिळतात. मैत्री केल्यावरही मिळतात. त्यामुळे हिरव्या वाटेवर अवयव कमी पडतील ही भीती बाळगू नका. दोन्ही वाटांवर रानात पडलेले हाडांचे सांगाडे खणत राहा, नवे अवयव त्यांतही असतात.

निळ्या वाटेची अडचण इथेच समोर येते. अर्ध्या जातींशी मैत्री, अर्ध्यांची शिकार. म्हणजे आठही क्षमता हव्यात, आणि डीएनए तेवढाच. यावर एकच उपाय उपयोगी पडतो: एकाच वेळी दोन्ही न करता पाळी लावा. दोन जातींशी मैत्री करायची असेल तोवर शरीर पूर्ण मैत्रीचं ठेवा, मग घरट्यावर जाऊन तेच गुण लढाईच्या अवयवांत घाला आणि दोन जातींची शिकार करा. अवयवांची किंमत परत मिळत असल्याने हे शक्य होतं. तरीही वेळ जातो, आणि म्हणूनच ही वाट मी अनुभवी खेळाडूसाठी म्हटली.

मांसाहारी पण मनमिळाऊ असा प्राणी करायचा असेल तर एक पेच आहे. पोटासाठी शिकार करावी लागते आणि शिकार लाल बाजूला झुकवते. अशा वेळी पोट भरायला एकच जात ठरवून घ्या, तिच्याखेरीज कोणावर हात टाकू नका. किंवा दुसऱ्यांच्या भांडणात मेलेल्यांवर भागवा. चांगलं मिश्राहारी तोंड सापडलं तर हा प्रश्न मिटतो.

मोठ्या अजस्र प्राण्यांपासून दूर राहा. उड्या आणि तरंगत उडण्याचे पंख याच कामी येतात, पळून जायला.

आणि आता टप्प्याच्या शेवटची, सगळ्यात महत्त्वाची पायरी. मेंदू पाचव्या पातळीला पोहोचला आणि पट्टी भरली की टोळीच्या टप्प्यात जाण्याचं बटण येतं. ते लगेच दाबू नका. घरट्यावर जा, एडिटर उघडा, आणि शरीराला शेवटचं रूप द्या. पुढे टोळीत फक्त कपडे, टोप्या आणि दागिने बदलता येतात. शरीर कायमचं असतं. पुढचे कित्येक तास हाच चेहरा तुम्ही बघणार आहात, म्हणून इथे सुंदर प्राणी घडवायला वेळ द्या. लढाईसाठी बसवलेले अवयव आता कामाचे नाहीत. चेहरा, डोळे, कणा, रंग यांवर लक्ष द्या. माउसच्या चाकाने कण्याचा प्रत्येक मणका जाड-बारीक करता येतो, तेवढ्यानेसुद्धा प्राण्याचं व्यक्तिमत्त्व बदलून जातं.

इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा धडा ज्यांनी वाचला आहे त्यांना स्पोअर खटकतो, आणि तो खटकायलाच हवा. खऱ्या उत्क्रांतीत शिंगं काढून डीएनए परत मिळत नाही, पुढच्या पिढीत काय हवं ते कोणी ठरवत नाही. पिढ्यान्‌पिढ्या बारीक फरक साठत जातात आणि परिस्थितीला जे जमतं ते टिकतं. मुलांबरोबर खेळत असाल तर हा फरक त्यांना बोलून दाखवा. गेम त्याने कमी मजेदार होत नाही, उलट मुलं खूप चांगले प्रश्न विचारायला लागतात.

टोळी: पाच शेजारी

पाच टोळ्या एकामागून एक समोर येतात. प्रत्येकीला एकतर जिंकायचं किंवा मित्र करायचं. तुमच्या गावातल्या खांबावर प्रत्येकीनंतर एक तुकडा वाढतो, त्यावरून हिशेब दिसतो. इथे खाद्य हेच चलन आहे, म्हणून मासेमारी आणि फळं गोळा करणं सोडू नका. जवळचे प्राणी पाळले तर अंडी मिळतात.

हिरव्या वाटेला संगीताची तिन्ही वाद्यं लागतात: शिंग, खुळखुळे आणि लांब नळीचं डिजरिडू. शेजारच्या टोळीसमोर कार्यक्रम सादर करताना ती टोळी कोणतं वाद्य हवं ते मागते. त्या वाद्याचे वादक जवळ असतील तरच ती खूश होते. तिन्ही वाद्यं घेतलेले लोक थोडे-थोडे ठेवा, एकाच वाद्याची गर्दी करू नका. भेट म्हणून खाद्य आधी पाठवलं तर रागावलेली टोळीसुद्धा ऐकून घेते.

लाल वाटेला दगडी कुऱ्हाडी माणसांवर, मशाली झोपड्यांवर, आणि लांबून फेकायचे भाले दोन्हींवर. मशालवाले मागे ठेवा, नाहीतर झोपडीपर्यंत पोहोचायच्या आतच मरतात.

निळ्यासाठी काही टोळ्या जिंका, काही मित्र करा.

मात्र या टप्प्याचा खरा परिणाम पुढच्या टप्प्यात होतो, आणि तो पुष्कळांना माहीत नसतो. टोळीचं कार्ड तुमच्या पहिल्या नगराचा प्रकार ठरवतं. आक्रमक टोळीचं नगर लष्करी, मैत्रीपूर्ण टोळीचं धार्मिक, उद्यमी टोळीचं व्यापारी. म्हणून नगरांच्या टप्प्यात व्यापारी व्हायचं असेल तर टोळीत निळं कार्ड घेणं सगळ्यात सोयीचं. ते घेतलं नाही तर व्यापारी नगर आधी कोणाकडून तरी मिळवावं लागेल.

नगरं: रंग बदलण्याची शेवटची संधी

एकच नगर, आजूबाजूला मसाल्याचे झरे, आणि ग्रहावर इतर देश. मसाल्याचे झरे हेच उत्पन्न, त्यामुळे पहिली वाहनं झऱ्यांकडे पाठवा.

नगराची रचना शिकून घ्या, कारण ती तिन्ही वाटांना लागते. कारखाना घराला जोडला की उत्पन्न वाढतं. करमणुकीची इमारत घराला जोडली की लोक खूश होतात. कारखाना आणि करमणूक एकमेकांना जोडले तर लोक नाराज होतात. नगर आखताना कारखाने एका बाजूला, करमणूक दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये घरं, अशी साखळी करून बघा. नाराज नगरात दंगे होतात आणि वाहनं बनवायची असताना पैसा अडकतो.

लष्करी वाहनं बुरुज पाडून नगर घेतात. धार्मिक वाहनं नगरासमोर भलीमोठी प्रतिमा उभी करून लोकांना वळवतात. व्यापारी वाहनं हल्ला करू शकत नाहीत. ती आधी व्यापारी मार्ग सुरू करतात, आणि मार्ग पुरेसा वाढला की नगर विकत घेता येतं. शत्रू देश व्यापाऱ्याला दारात उभं करत नाही, म्हणून निळ्या वाटेला आधी भेटी आणि गोड बोलणं लागतं.

दुसऱ्या प्रकारचं नगर जिंकलं की त्याचा प्रकार ठेवायचा की आपला लादायचा असं विचारलं जातं. आतापर्यंतची वाट चुकली असं वाटत असेल तर उपाय इथेच आहे. आधीची तीन कार्डं आता बदलत नाहीत, पण चौथं कार्ड तुमच्या हातात आहे. समजा तुम्ही शिकारी प्राणी आणि आक्रमक टोळी करून बसलात, पण आता लढाईचा कंटाळा आलाय. शेजारचं धार्मिक नगर घ्या, त्याचा प्रकार तसाच ठेवा, आणि उरलेला ग्रह धार्मिक वाहनांनी मिळवा. चौथं कार्ड हिरवं येतं आणि अवकाशात योद्ध्याऐवजी मिश्र तत्त्वज्ञान मिळतं.

टप्प्याच्या शेवटाकडे प्रत्येक वाटेला एक ब्रह्मास्त्र मिळतं: लष्करीला क्षेपणास्त्रं, व्यापाऱ्याला जगभरची एकत्र खरेदी, धार्मिकाला सगळीकडे एकाच वेळी उसळणारी भक्तीची लाट. वापरलं की टप्पा संपतो. घाई असेल तर वापरा. मला तरी शेवटची दोन नगरं हाताने मिळवायला आवडतात.

अवकाश: निवडीचं फळ

इथे पोहोचलात की चारही कार्डांचे गुण एकत्र कामाला लागतात. शिकारी प्राण्याचं यान जास्त टणक असतं, जुळवून घेणाऱ्याचं वेगवान, मनमिळाऊ प्राण्याची पहिली भेट जास्त चांगली जाते. लष्करी कार्डामुळे चाचे कमी येतात, व्यापारी कार्डामुळे मसाला जास्त निघतो, धार्मिक कार्डामुळे ग्रहावरच्या जैविक आपत्त्या कमी होतात. आपत्ती म्हणजे रोगट प्राणी शोधून मारणं, आणि ते काम दर थोड्या वेळाने येतं. ग्रह वाढवण्यात रमणाऱ्यासाठी हिरवं चौथं कार्ड म्हणूनच मौल्यवान.

वाट कोणतीही असो, अवकाशातलं पहिलं काम एकच: पैसा. मसाल्यांमध्ये लाल सगळ्यात स्वस्त, मग पिवळा, निळा, हिरवा, गुलाबी आणि सगळ्यात महाग जांभळा. जवळच्या ताऱ्यांमध्ये गुलाबी किंवा जांभळा दिसला तर तिथे वसाहत टाकायला उशीर करू नका.

दुसरं काम ग्रह राहण्याजोगे करणं. ग्रहाची पातळी एकेकाने वाढते आणि पातळी १ वर एक नगर, २ वर दोन, ३ वर तीन बसतात. प्रत्येक पातळीला लहान, मध्यम आणि मोठी अशा तीन वनस्पती लागतात, दोन शाकाहारी प्राणी, आणि एक मांसाहारी किंवा मिश्राहारी. नमुने आधीच यानात भरून ठेवा. वातावरण सुधारलं आणि प्राणी नसले तर ग्रह मागे घसरतो आणि खर्च वाया जातो.

आकाशगंगेच्या मध्याकडे जायचं स्वप्न असेल तर वाटेत ग्रॉक्स नावाची क्रूर जमात आहे. योद्धा त्यांच्याशी लढू शकतो, मुत्सद्दी त्यांची यानं थिजवून पुढे सरकू शकतो, शमन संकट आलं की घरी परततो. कोणत्याही वाटेने मध्याशी पोहोचलात तर जीवनदंड मिळतो, तो मृत ग्रह एका क्षणात पूर्ण हिरवा करतो. त्याचे फक्त ४२ वापर असतात, म्हणून तो पहिल्या दिसलेल्या खडकावर खर्च करू नका.

मिळालेलं तत्त्वज्ञान पटत नसेल तर इथेही बदल शक्य आहे. तुम्हाला हव्या त्या तत्त्वज्ञानाचं साम्राज्य शोधा, त्यांच्याशी संबंध चांगले करा आणि त्यांच्याकडून मिळणारी मोहीम पूर्ण करा. कार्डांतून मिळालेले गुण तसेच राहतात, खास शक्ती तेवढी बदलते. योद्ध्याला शमनचं परतीचं तिकीट हवं असेल तर हाच मार्ग.

शेवटचं आणि तांत्रिक: गेम एकाच सेव्हवर लिहीत जातो, मागे जायला वेगळा कप्पा देत नाही. प्रत्येक टप्प्याचं पुढे जायचं बटण दाबण्याआधी गेम बंद करून विंडोजच्या ॲपडेटा फोल्डरमधल्या रोमिंगमध्ये स्पोअर नावाचं फोल्डर शोधा आणि त्याची प्रत दुसरीकडे ठेवा. नाव देताना टप्पा आणि कार्डांचे रंग लिहा, उदाहरणार्थ 'टोळी-हिरवा-निळा'. ॲपडेटा दिसत नसेल तर फाइल एक्सप्लोररमध्ये लपवलेल्या गोष्टी दाखवायचा पर्याय चालू करा.